राजनंदिनीची तेरवी

एसटीतून उतरल्याबरोबर निकिताला स्वतःचा फोटो दिसला. देवगाव फाट्यावर, पानटपरीच्या वर, भल्यामोठ्या फ्लेक्सवर ती हसत होती. खाली लिहिलं होतं, 'राजनंदिनी वहिनींना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल : समस्त प्रेक्षक, वालूर.'

राजनंदिनी म्हणजे मालिकेतली तिची भूमिका. घरातली थोरली सून. मागच्या पंधरवड्यात तिला जिन्यावरून पाडून मारलं, तेव्हापासून निकिताला काम नव्हतं. वय अडतीस. फोन गप्प होता.

ती फ्लेक्सखाली उभी राहून बघत राहिली. मॉडेल होती तेव्हासुद्धा एवढा मोठा फोटो तिचा कधी लागला नव्हता. परभणीत एका साडीच्या दुकानावर लागला होता, पण पदर पूर्ण दिसावा म्हणून दुकानदाराने तिचं डोकं वरून कापलं होतं. आता डोकं होतं. फक्त जीव नव्हता.

"मॅडम, तुमी त्याच का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"होते," ती म्हणाली. "वालूरला सोडा."

घराच्या अंगणात बायकांची पंगत बसली होती. तिची आई, चतुराबाई, परात घेऊन बुंदी वाढत होती. निकिताला दारात बघून बायकांचे घास हातातच राहिले. शेजारची सुमनबाई आधी सावरली.

"ये गं बाई. तुझीच तेरवी हाय. हात धू आन् बस."

"माझी?"

"राजनंदिनीची. तिच्या सासरच्यांनी काय केलं बघितलंस न्हवं? दुसऱ्या दिशी नवऱ्याला हळद लावली मेल्यांनी. दहावं न्हाई, तेरवी न्हाई. आपल्या गावचं माणूस, असं कसं सोडावं? आन् भिऊ नको, खोट्या मरणानं आयुष्य वाढतंय."

निकिता हसली आणि पंगतीत बसली. काम गेल्याचं तिने घरी कळवलं नव्हतं. आईला ते साऱ्या गावासारखं टीव्हीवरूनच कळलं होतं. आईने तिच्याकडे न बघता पानावर बुंदी वाढली.

"स्वतःच्या तेरवीला जेवणारी सेलू तालुक्यातली मी पहिलीच असेन," निकिता म्हणाली. बायका हसल्या. आई हसली नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुंबईहून मालिकेच्या ऑफिसातला माणूस बोलत होता. ती उठून दाराशी गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"बायांनो, मी जिवंत झाले! कुणीतरी त्या फ्लेक्सचा व्हिडिओ टाकला आणि तो सगळीकडे फिरला. ते म्हणतात, गावं सुतक पाळायला लागली तर राजनंदिनीला मारून चालायचं नाही. सोमवारी बोलावलंय."

"मंग आता कामून बोलावलंय? काय करायचं?" सुमनबाईने विचारलं.

"पडून राहायचं. दवाखान्यात, बेशुद्ध. तोंडभर पट्ट्या." निकिताला स्वतःचंच हसू आलं. "माझी प्रगती बघा. मॉडेल होते तेव्हा नुसतं चालायचं. मालिकेत नुसतं उभं राहायचं, मागच्या रांगेत, रडत. आता नुसतं पडायचं. याच्या वरचं पद म्हणजे भिंतीवरचा फोटो."

"आन् पट्ट्या सोडल्यावर?"

"ऑपरेशननं चेहरा बदललेला असणार. आतून दुसरीच नटी निघणार. चोवीस वर्षांची."

यावर कुणी हसलं नाही. निकिताने घाईने विषय बदलला.

"ते जाऊ द्या. चार महिने काम तर मिळालं. तो फ्लेक्स लावला कुणी? त्याच्या पाया पडते."

सुमनबाईने चतुराबाईकडे पाहिलं. चतुराबाईने परात खाली ठेवली.

"मी लावला."

"तू? माझं काम परत मिळावं म्हणून?"

"न्हाई. त्यांनी तुला पुन्यांदा उठवू नये म्हणून. टीव्हीत मेलेलं माणूस उठतंय, मला ठावं हाय. म्हणलं, फाट्यावर बोर्ड लागला, चारचौघी जेवून गेल्या, तेरवी झाली, की मंग कोन्या तोंडानं उठवतील? पर त्या लोकांना तेवढी बी लाज न्हाई."

"पण आई, का? माझं दुसरं काय आहे?"

"रोज सातला तू रडायलीस, आन् मी हितं बसून बघायले. समदं गाव म्हणतंय, लय झकास काम करती पोरगी. मला कळंना व्हय? लहानपणी बी तू रडताना असाच खालचा ओठ दाताखाली धरायचीस. ते काम न्हाई. ते रडनंच हाय."

निकिताला यावर काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. ग्लिसरीनने तिचे डोळे सुजायचे, म्हणून सात वर्षं ती स्वतःचंच रडत आली होती. रडायला तिला काहीतरी आठवावं लागायचं, आणि ते कधी कमी पडलं नव्हतं. 'निकिता मागाल तेव्हा रडते,' असं दिग्दर्शक कौतुकाने म्हणायचा. सगळ्या कारकिर्दीत तिचं झालेलं कौतुक तेवढंच. हा किस्सा ती मित्रमंडळीत हसत हसत सांगायची. आत्ता तो तिला सांगता आला नाही.

तिने फोन हातात धरला. ऑफिसातल्या माणसाला अर्ध्या तासात उत्तर हवं होतं.

"मग नाही म्हणून कळवू?" तिने हळू विचारलं.

चतुराबाई लेकीच्या समोर खाली बसली.

"पट्ट्या डोळ्यांवरून बी असतेत का?"

"हो. काहीच दिसणार नाही."

"मंग जा. तेवढं बघवंल मला. पट्ट्या सोडल्या की रडायला ती दुसरी हाय. तू घरी ये."