ओ

आई गेल्यापासून अनंता शेणवे गावातल्या घरात एकटाच राहायचा आणि तिथूनच एका कंपनीचा सर्व्हर सांभाळायचा.

त्या दुपारी सर्व्हर फारच मंदावला. त्यावरच्या दुकानांच्या साइट उघडेनात. त्याने नोंदी पाहिल्या. एका जुन्या साइटवर हजारो ठिकाणांहून एकच ओळ शोधली जात होती: ‘आनू, हायस का घरात?’

आनू त्याला फक्त आई म्हणायची.

कोणीतरी चेष्टा करतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. दर वेळी नव्याने शोधण्यातच सर्व्हर दमत होता. त्यापेक्षा सगळ्यांना एकच तयार उत्तर ठेवलं, तर भार हलका होणार होता. त्याने उत्तर लिहिलं, ‘हाय.’ कित्येक महिन्यांनी कोणाला तरी ओ दिल्यासारखं वाटलं.

भार झरझर उतरला. नव्या नोंदी थांबल्या.

मग त्याच्या लक्षात आलं, की त्या हजारोंपैकी एकानेही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आई लहानपणी बजावायची, “एकदाच हाक मारंल त्याला ओ देऊ नको रे. मानूस असंल तर परत हाक मारंल.”

बाहेर ओटीवर कोणीतरी हळूच म्हणालं, “मंग कडी काढ ना, आनू.”