हात पुरेल तिथवर

खोक्याची चिकटपट्टी प्रणालीनं दातांनीच तोडली. कात्री आणायला आत जाण्याइतका धीर कुठला! आधी सीट निघाली, मग काळा दांडा, मग पेडलची जोडी आणि शेवटी ते चाक. चोवीस इंची! तिच्या जुन्या एकचाकी सायकलीचं चाक वीसच इंची होतं. तिनं नव्या चाकाला मिठी मारली.

"पप्पा, आज पूल पार! विजूआत्याच्या दारात एकचाकीवरूनच उतरते मी."

विजूआत्या जाम नदीपलीकडे सावरगावला राहायची. पांढुर्ण्याच्या त्यांच्या संत्रा-पॅकिंगच्या आवारातून पूल दहा मिनिटांवर होता. पण प्रणालीची एकचाकी आजवर फाटकाबाहेर गेली नव्हती. त्याला कारण तिच्या आईची, अमिताची, एक अट.

मागच्या वर्षी जुनी एकचाकी अमितानंच नागपूरच्या एका प्रशिक्षकाकडून आणली होती. त्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "मम्मीचा हात पुरेल तिथवरच." तेव्हापासून पोर चालवायची आणि अमिता एक हात पुढे करून शेजारी पळायची. धरायची नाही, पण पडली तर धरता यावी इतक्या अंतरावर. सहा महिन्यांत प्रणालीचे पाय असे सुटले, की फाटकापाशी अमिता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभी राहायची आणि प्रणालीला तिथंच उतरावं लागायचं. पुलाचं बोलणं तिथंच संपायचं.

आणि पंधरा दिवसांपूर्वी हीच अमिता हातात टेप घेऊन मोबाइलवर मोठ्या एकचाक्या पाहत बसलेली दिसली. प्रणालीनं दुसऱ्या दिवशी शाळाभर सांगून टाकलं.

गजेंद्रनं बायकोला विचारलंही होतं, "अवो, हे चाक तर अजून पळंल. तुमी मागं कशा पुरसान?"

"पाहू," एवढंच ती म्हणाली होती.

आता ती पाना घेऊन एकेक नट आवळत होती. आवळून झाला की पुन्हा आवळत होती. डावं पेडल डावीकडेच आहे ना, हे तिनं दोनदा वाकून पाहिलं. उलटं बसलं तर चालता चालता सुटून येतं, हे तिला कसं ठाऊक, असं कोणी विचारलं नाही. काळजीच्या गोष्टी तिला ठाऊकच असायच्या.

"जुनीसारखं नोका करू पप्पा," प्रणालीनं बापाला दम भरला. "रोज शाळेतून येते तं सीट वर चढलेली. तुमीच बसून राहिले, मले मालूम आहे."

"मी बसलो तं चाकाची पोळी होईल, माय!"

प्रणालीनं हेल्मेट घातलं. क्रेटच्या थप्पीला धरून ती सीटवर चढली. आणि तशीच राहिली. तिचे पाय पेडलच्या चार बोटं वरच लोंबत होते. गजेंद्रनं सीटचा दांडा पार खाली दाबला. तो आणखी जाईना.

त्यानं अमिताचा मोबाइल घेऊन ऑर्डर उघडली आणि मोठ्यानं हसला. "पायाचं आतून माप एकोणतीस इंच? पोरीचं तेवीस आहे! संत्रं नुसतं पाहून साइज सांगनारी बाई, पोटच्या पोरीच्या पायाचं माप चुकली!"

प्रणाली खाली उतरली. "आता परत करा... पुन्हा पंधरा दिवस... तवर आत्या गाव सोडून सौंसरले निंघून जाईल."

"परत नाही करायची," अमिता म्हणाली.

"मंग?"

"माप बरोबर आहे. माझं आहे."

तिनं ओढणी काढून खुंटीला अडकवली, चाकात जायला नको म्हणून. सलवारचे पाय दोन घड्या वर घेतले. नडग्यांवर निळे-पिवळे डाग होते. 'क्रेटला ठेचले' म्हणून ती महिनोन्‌महिने सांगत आली होती, तेच. तिनं सीटचा दांडा न पाहता, सवयीच्या हातानं वर ओढला. खुंटीवरचं आपलं हेल्मेट घालून पट्टा तीनदा तपासला. थप्पीला धरून बसली, नजर समोर ठेवली आणि हात सोडला.

चाक डुललं. मग सरळ निघालं. संत्र्यांच्या ढिगाला वळसा घालून ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

गजेंद्रनं हातातला मोबाइल क्रेटवर ठेवला. "हे... हे कवा शिकल्या?"

"प्रणाली शाळेत, तुम्ही मंडीत. त्या पॅकिंगच्या तणसावर पडत पडत." अमिताचा चेहरा लालबुंद झाला होता. ती थप्पीला धरून हसत होती, थांबतच नव्हती. "पायी पुरत नव्हते ना मी हिला. काय बघते प्रणाली? तुझी काढ. अट तीच आहे, हात पुरेल तिथवर. फक्त आता फाटकापाशी थांबायचं नाही."

प्रणालीनं जुनीची सीट खाली ओढली आणि एका उडीत चढली. रविवार होता. पुलावर गर्दी नव्हती. गजेंद्र स्कूटीवर मागून येत होता आणि उगाचच हॉर्न वाजवत होता. मोठं चाक एका फेरीत लांब जात होतं. छोट्याला तेवढ्यासाठी भराभर फिरावं लागत होतं. पुलाच्या मध्यावर अमिताला वारा लागला आणि तिनं दोन्ही हात पसरले.

मागून प्रणालीचा धापा टाकणारा आवाज आला, "मम्मी, इतकी पुढं नोको जाऊ नं! हात पुरंल तिथवरच राय!"