कुन्नूरची सुटी

"कुन्नूरला चहाचे मळे अगदी दारापर्यंत येतात म्हणे," इसिडोर म्हणाला. "खिडकी उघडली की धुकं सरळ घरात."

"मग खिडकी बंदच ठेवू," क्लॅरिस म्हणाली. सुया चालूच होत्या. नवऱ्यासाठी हा दुसरा स्वेटर.

तो हसला, आणि हसता हसता खोकला. तिच्या सुया थांबल्या.

दहा दिवसांपूर्वी अंधेरीच्या दवाखान्यात ती पडद्याबाहेर बसली होती. इसिडोरच्या छापखान्यातला एक सोबती क्षयानं गेला, म्हणून दोघांनीही छातीचे फोटो काढून घेतले होते. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "डाग आहे. थंड हवेत निदान सहा महिने. उशीर नको."

इसिडोर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "दोघंही ठणठणीत," तो म्हणाला. "क्लॅरिस, यंदा कुन्नूरला जायचं का गं?"

तिनं काही विचारलं नाही. माणसाला आपलं दुखणं लपवावंसं वाटलं, तर लपवू द्यावं.

दुसऱ्या दिवसापासून अंधेरीजवळच्या आंबोलीतल्या त्यांच्या छोट्या घरात ज्याचा त्याचा पेला, ज्याची त्याची ताटली झाली. "फ्लूची साथ येतेय ना," असं म्हणून इसिडोरनं आपली पथारीही व्हरांड्यात नेली. किती जपतो हा आपल्याला! क्लॅरिस चुलीकडे तोंड करून रडली. काळजीनं तिचे झंपर सैल झाले होते, संध्याकाळी अंग कोमट लागायचं. पण आता स्वतःकडे कोण बघतंय?

खटके उडायचे ते एकाच गोष्टीवरून. चार वर्षांच्या लेकीला, ज्युलियाला, त्याला मरोळला आपल्या बहिणीकडे, आयडाकडे ठेवायचं होतं.

"आजच सोडून येतो तिला."

"निघेपर्यंत राहू दे ना."

"क्लॅरिस, ऐक माझं. एकदा तरी ऐक."

"तुला काय त्रास तिचा? दिवसरात्र माझ्याच कुशीत असते पोर."

तो उठून बाहेर जाऊन बसला.

ज्युलिया बापाकडे धावली की क्लॅरिस तिला झटकन उचलून घ्यायची. आपल्याच ताटलीतला घास आपल्या हातानं भरवायची. झोपताना छातीशी घट्ट धरायची. निदान एवढं तरी वाचवायचं होतं तिला.

शनिवारी इसिडोर एक लोकरी कोट घेऊन आला. तिच्या मापाचा, जाडजूड, दहा वर्षं टिकेल असा.

"आणि तुला रे?"

"मला काय करायचाय?" तो म्हणाला आणि चटकन वळला.

तिनं कोट घडी घालून पेटीत ठेवला. मागे राहणारीची सोय करतोय बिचारा.

सोमवारी इसिडोर कामावर गेल्यावर पोस्टमननं त्याच्या नावचं पाकीट दिलं. शिक्का कुन्नूरचा. राहण्याच्या जागेसाठी त्यानं पत्र टाकलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती पायरीवर बसली. मांडीवर ज्युलिया झोपलेली, तोंड तिच्या छातीत खुपसून. क्लॅरिसनं पाकीट फोडलं. कॉन्व्हेंटात शिकलेलं इंग्रजी जुळवत जुळवत ती वाचू लागली.

"आपल्या पत्नीसाठी आमच्या क्षयरुग्णालयात खाट राखून ठेवली आहे. त्यांना दुखण्याची कल्पना नाही, असं आपण कळवलंत. ते सांगण्याचं काम आमच्यावर सोडा. मात्र तोवर लहान मुलीला त्यांच्या जवळपासही फिरकू देऊ नका."