चौथ्या विहारातला भिक्खू

तिसऱ्या विहाराच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली, “इथंही नाही.”

“अजून दोन राहिलेत,” घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी तिला हात दिला.

दोन सोडा, दोनशे विहार पालथे घातले असते तरी त्यांचा मुलगा भेटणार नव्हता. तो चार वर्षांपूर्वीच गेला होता. परगावी पुलाच्या कामावर होता, उंचावरून पडला. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात फोन आला तेव्हा घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते आणि तिला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. घड्याळजी एकटेच गेले, एकट्यानंच सगळं उरकलं आणि परत येऊन तिच्या खाटेशी बसून म्हणाले, पोरानं संसार सोडला, भिक्खू झाला.

हे कसं सुचलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. पण खोटं चपखल बसलं. भिक्खूचं नाव बदलतं, डोकं भादरलं की चेहरा ओळखू येत नाही, घरी पत्र येत नाही. फक्त “कुठल्या गावी?” असं तिनं विचारलं आणि ते गडबडले. समोरच्या कॅलेंडरवर सोनेरी कळसाच्या विहाराचं चित्र होतं. त्याखालच्या शहराचं नाव त्यांनी सांगून टाकलं आणि तिथंच फसले. हिंडू-फिरू लागल्यावर बायकोनं चौकशी करून सहलीची बस शोधून काढली. एका दिवसात पाच विहार, सोबत माहिती सांगायला गाईड. तेव्हापासून दरवर्षी ही बस त्यांच्या नशिबी आली.

एक खोटं झाकायला शंभर लागतात म्हणतात. घड्याळजींना एकच पुरलं होतं, पण त्यानं त्यांना पोखरून काढलं होतं. पोरासाठी मोकळं रडायलाही त्यांना घरात जागा नव्हती.

बायको पोरासाठी कधी काही घेऊन येत नसे. एकदा त्यांनीच सुचवलं, एखादा स्वेटर विणून ने. “त्यांना चालत नसेल,” एवढंच ती म्हणाली. विहारात भिक्खूंची रांग समोरून गेली की एकदा बघायची आणि मान खाली घालायची. तिला धीर होत नाही, असं घड्याळजींना वाटे. चौथ्या विहारात आत बऱ्याच पायऱ्या होत्या. तिथं दरवर्षी ती त्यांना गुडघ्यांचं निमित्त सांगून दारातल्या बाकावर बसवी आणि गाईडबरोबर एकटीच आत जाई. तिची शोधाशोध बघावी लागत नाही म्हणून घड्याळजी त्या पायऱ्यांचे मनोमन आभार मानत.

यंदा मात्र त्यांच्यानं राहवेना. बायको नुसती हाडांची मोळी झाली होती. सकाळी बस सुटण्याआधी त्यांनी गाईडला बाजूला घेतलं. मुलीच्या वयाची पोर, पहिल्या वर्षापासून हीच होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. मग म्हणाले, “एखाद्या तरुण भंतेंना गळ घाल. तिला एवढंच सांगायचं, मी सुखात आहे, आता येऊ नका. तिची यातून सुटका होईल.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. “काका, भंते खोटं बोलायचे नाहीत.”

“मग मी काय करू?”

तिनं हातातल्या काठीचं निशाण उगाचच घट्ट केलं, “बघते” म्हणाली आणि माणसं मोजायला गेली.

चौथ्या विहारापाशी बस थांबली. गाईडनं नेहमीची माहिती दिली. आतल्या दालनात दिवंगतांसाठी रोज दुपारी पठण होतं, तिथं कृपा करून फोटो काढू नयेत. घड्याळजी बाकावर बसले. एरवी ते आतल्या बाजूला पाठ करून बसत, यंदा त्यांनी वळून कमानीतून आत बघितलं. एक तरुण भिक्खू पुढं आला. बायकोनं हात जोडले. भिक्खूनं मान लववली. ती बराच वेळ बोलत होती आणि तो ऐकत होता.

गाईडनं काम केलं होतं. घड्याळजींना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आपल्या पोराला आपण दुसऱ्यांदा पोचवून आलो, असं त्यांना वाटलं आणि ते बाकावर बसून चार वर्षांचं रडले.

बायको आली ती त्यांच्याजवळ टेकली. तिनं रुमालानं त्यांचं तोंड पुसलं. का रडताय, असं मात्र विचारलं नाही.

“भेटला,” ती म्हणाली. “सुखात आहे. आता येऊ नका म्हणाला. बाबांचे गुडघे दुखतात म्हणाला.”

पाचवा राहू द्या, असं म्हणत ती त्यांना बसकडे घेऊन आली आणि खिडकीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले. तिला झोप लागलीशी वाटल्यावर ते खाली उतरले. गाईड दारापाशी उभी होती.

“पोरी, तुझे उपकार फिटायचे नाहीत. त्या भंतेंनाही सांग.”

“भंतेंना मी काहीच सांगितलं नाही, काका,” ती म्हणाली. “काकूंना सांगितलं.”

घड्याळजींनी बसच्या दाराचा दांडा धरला.

“ते भंते पठणाचे आहेत. काकू पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे चिठ्ठी देतात. चिठ्ठी मीच लिहून देते. नाव आणि गेल्याची तारीख.”

“कुठली तारीख सांगते ती?”

गाईडनं एकदा खिडकीकडे बघितलं आणि हळूच सांगितली.

तारीख बरोबर होती.