घंटा होईपर्यंत

"गोळी?" तिने विचारलं.

बाबांनी काळ्या झग्याच्या आतल्या खिशावर थाप मारली. "आहे. डॉक्टर तू की मी?"

"तुम्ही रक्तपिशाच. तेही गेल्या वर्षी हृदयाने दगा दिलेलं. मरताना जरा जपून मरा."

ग्रीनरूममध्ये हशा पिकला. आरशासमोर पार्लरवाली स्वतःच्याच तोंडावर पावडर थापत होती. या हौशी नाट्यमंडळात प्रत्येकाला दोन कामं असायची. ती सगळ्यांचा मेकअप करायची आणि नाटकात रक्तपिशाचाची शिकारही व्हायची.

एवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली.

"काकू, तुम्हीच उभ्या राहा माझ्या जागी," पार्लरवाली म्हणाली. "आयत्याच पांढऱ्या दिसताय, माझा पावडरचा डबा तरी वाचेल."

पुन्हा हशा. आईसुद्धा हसली. "मग चुलीपाशी कोण, तू?" शेवटचा कप तिने लेकीच्या हातात दिला आणि रिकामा ट्रे काखेत मारला. "काही खाल्लंस का गं?"

"नाटक झाल्यावर."

"नेहमी असंच करतेस तू." जाताना आई दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभी राहिली. मग गेली.

प्रेक्षक टेबलांवर जेवता जेवता नाटक बघायचे, आणि दोन अंकांच्या मध्ये नटच वेशभूषेसकट वाढायला जायचे. सगळ्यांना हीच गंमत वाटे. स्वयंपाकघरातून एक दोरी भिंतीच्या कडेकडेने विंगेत आणलेली होती, तिच्या टोकाला पितळी घंटा. ताटं भरून झाली की आई दोरी ओढायची. घंटा होईपर्यंत अंक संपवायचा नाही, हा मंडळाचा कायदा. सूप उकळलेलं नसलं की नायक आणखी दोनदा प्रेमात पडायचा.

लेकीची जागा त्या घंटेखाली, मांडीवर संहिता घेऊन. प्रॉम्प्टिंग तिचं. पण आज तिचं लक्ष संहितेत कमी आणि बाबांच्या छातीकडे जास्त होतं.

पहिल्या अंकातच डॉक्टर झालेला टेलर अडकला. दर प्रयोगाला याच वाक्यावर अडकायचा.

"ही बाई दिवसेंदिवस पांढरी पडते आहे," ती विंगेतून कुजबुजली. "बोलता बोलता भिंतीला टेकते. आणि या घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

टेलरने ते गरजून म्हटलं. टेबलांवरचे चमचे थांबले. मग घंटा झाली.

बाबा सूप वाढायला निघाले. आधी बर्फाच्या बादलीत हात बुडवून ठेवायचे आणि वाढताना कुणाच्या तरी मनगटाला हळूच बोट लावायचे, ही त्यांची जुनी खोडी. बायका किंचाळल्या. बाबा खूश.

"सुपात मीठच नाही," कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

आईचं मीठ कधी चुकत नसे. लेक मिठाच्या बाटल्या आणायला स्वयंपाकघरात गेली. आई पालथ्या घातलेल्या टोपावर बसली होती, दोरी हाताशी. कपाळावर घाम होता. दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या.

"बसलीस?"

"गुडघे. यांना घाम फुटलाय का? श्वास लागलाय?"

"अजून नाही."

"मग तिकडे बघ जा. माझ्याकडे काय बघतेस!"

तिने बाटल्या उचलल्या आणि गेली.

दुसऱ्या अंकाची घंटा उशिरा झाली. हळू झाली, कुणीतरी चुकून दोरीला अडखळावं तशी. तरी ताटं गेली, रिकामी होऊन आली. आता उरला तिसरा अंक, आणि त्यानंतर पुडिंग.

तिसऱ्या अंकात रक्तपिशाच मरतं. टेलरने लाकडी खुंटा उगारला, बाबा ओरडले, शवपेटीत कोसळले. तिने घंटेकडे पाहिलं.

घंटा हलली नाही.

बाबांनी शवपेटीतून एक हात वर काढला. टाळ्या पडल्या. ते उठले, दोन पावलं चालले, पुन्हा कोसळले. घंटा नाही. झगा मघाशीच झटापटीत गळून खुर्चीवर पडला होता. गोळी त्या खिशात. बाबा तिसऱ्यांदा उठले तेव्हा त्यांचा डावा हात छातीवर होता. पावडरवरून घामाचे ओघळ उतरत होते. हा अभिनय आहे की नाही, तिला कळेना.

टेलर विंगेत आला. ती त्याच्यावर खेकसली, "पडदा पाडा!"

"घंटा कुठे झालीय?"

"काका, मरतील ते!"

"अगं, मरायलाच हवंय ना त्यांनी. लोक बघ किती रंगलेत."

ती उठली. संहिता खाली पडली. मागच्या बोळातून ती धावत सुटली, आणि आईला काय काय सुनवायचं ते ओठावर जुळत गेलं. तुझ्या त्या पुडिंगपायी बाबांना घालवशील. एक दोरी ओढायला एवढा वेळ? तिकडे त्यांचा जीव चाललाय आणि तू—

पुडिंगच्या वाट्या ओट्यावर ओळीने भरून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत चमचा. शेगड्या बंद केलेल्या. आई टोपावर तशीच बसली होती, भिंतीला टेकून, तोंड दाराकडे. दोरी मनगटाला गुंडाळलेली.

"आई, ओढ ना ती!"

आईने ओढली नाही. मग तिनेच दोरी धरून हिसका दिला. दोरीबरोबर आईचा हात वर आला, आणि सोडल्याबरोबर मांडीवर पडला.

तिकडे घंटा घणघणली. पडदा पडला, हॉल दणाणून गेला. त्या गदारोळात बाबांचा आवाज आला, खणखणीत, हसरा. "अरे, आमच्या अन्नपूर्णेला बोलवा रे कुणीतरी बाहेर!"

ती फरशीवर बसली. आईच्या मनगटाची दोरी तिने हळूच सोडवली.

"आई," ती म्हणाली, "तू जेवलीस का गं?"