डिकीतली बंदूक

मागचे निळे दिवे आरशात दिसले तेव्हा मोरेश्वरनं आधी काट्याकडे पाहिलं. वेग पंचावन्नच होता. मग त्याला डिकी आठवली.

"काय झालं?" रत्नानं विचारलं. तासाभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"पोलीस."

मैत्रीण शरयूकडून जेवून मॉरिसव्हिलला घरी परत येताना त्यानं 'फक्त पाच मिनिटं' म्हणून एका शेताकडे गाडी वळवली होती. पाचाची पन्नास झाली. रत्ना गाडीतच बसून राहिली. शेवटी तो ब्लँकेटात गुंडाळलेली लांबट वस्तू घेऊन आला आणि तिच्याकडे न बघता त्यानं डिकी उघडली. त्याच्या संग्रहातली ही अकरावी बंदूक. नंतरचा अर्धा तास तो एकटाच त्या बंदुकीबद्दल बोलत होता. ती खिडकीबाहेर बघत होती. मग तोही गप्प झाला.

त्याच्या जुन्या बंदुकांचं तिला कधी वावडं नव्हतं. बेसमेंट त्याचं, मागची बाग तिची, असं तीस वर्षं मजेत चाललं होतं. पण न्यूयॉर्कचे टॉवर पडून सात महिने झाले होते. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एक माणूस तिच्यावर 'घरी जा' म्हणून ओरडला होता, आणि ती तेव्हा कोथिंबीर घेऊन घरीच चालली होती. त्यानंतर तिनं मोरेश्वरला दोनदा सांगितलं होतं, आता हे पुरे. आपल्यासारख्या माणसानं बंदूक घेऊन हिंडायचे दिवस नाहीत.

मोरेश्वरनं गाडी कडेला घेतली. पोलीस तरुण होता. मागचा एक दिवा लागत नाही, म्हणाला. लायसन्स घेऊन त्यानं नाव वाचायचा प्रयत्न केला, सोडून दिला. मग त्यानं सीटवर, सीटखाली नजर फिरवली.

"गाडीत काही शस्त्र आहे का, सर?"

रत्नाला वाटलं, 'नाही' म्हटलं की सुटलो. पण मोरेश्वर खोटं बोलणार नाही, हेही तिला माहीत होतं.

"आहे," तो म्हणाला. "डिकीत. जुनी शॉटगन आहे."

पोलीस एक पाऊल मागे सरकला. त्याचा हात कमरेशी गेला. दोघांनाही त्यानं खाली उतरवलं आणि हात बॉनेटवर ठेवायला सांगितलं. बॉनेट तापलं होतं. बाजूनं ट्रक जात होते, आणि दर ट्रकबरोबर रत्नाची ओढणी उडत होती. ती सावरायला हात उचलावा की नाही, ते तिला कळेना. तिनं उचलला नाही.

पोलिसानं ब्लँकेट उलगडलं. "हिचे कागद?"

मोरेश्वरनं तोंड उघडलं. घरी आलेल्या पाहुण्यांना जांभया येईपर्यंत बंदुकांवर बोलणारा माणूस. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"कागद लागत नाहीत," रत्ना म्हणाली. मान न वळवता, शाळेतल्या मुलीनं उत्तर द्यावं तशी. "अठराशे ब्याण्णव सालची आहे. अठराशे नव्याण्णवच्या आधीची असली की कागद लागत नाहीत. बर्मिंगहॅमला केलेली आहे. नळ्या उतरवल्यात तर खाली शिक्के आहेत, बघा."

पोलीस बघतच राहिला.

"आणि हिच्यात आजची काडतुसं घालू नयेत," ती पुढे म्हणाली. "लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या आहेत, फुटतील. ही झाडायला घेत नाहीत. बघायला घेतात."

"ही तुमची आहे, मॅम?"

"आमची आहे."

तो बंदूक आणि लायसन्स घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला. रेडिओवर कुणाशी तरी बोलू लागला. दोघं बॉनेटला हात लावून उभी होती.

"तू ऐकत होतीस?" मोरेश्वरनं हळूच विचारलं.

"काय करणार? गाडीतला रेडिओ तुम्ही बंद केला होतात."

पोलीस परत आला तेव्हा बंदूक ब्लँकेटात नीट गुंडाळलेली होती. त्यानं ती स्वतःच डिकीत ठेवली, झाकण लावलं. "तो दिवा बदलून घ्या," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

मोरेश्वरनं खिशातून किल्ली काढली. रत्नानं हात पुढे केला, किल्ली घेतली आणि ती चालकाच्या सीटवर जाऊन बसली. सीट पुढे ओढून घेतली.

"आता बास," तो तिच्या शेजारी बसत म्हणाला. "खरंच बास. ही पण उद्या परत करून येतो. बाकीच्याही देऊन टाकू कुणाला तरी."

"काही परत करायची नाही."

"अगं, पण तूच म्हणाली होतीस..."

"मी म्हणत होते, भीती वाटते म्हणून. जे व्हायचं ते आता होऊन गेलं. त्यानं विचारलं आणि आपण सांगितलं. झालं." तिनं आरसा स्वतःच्या उंचीला लावला. "पण ह्यापुढे एकट्यानं कुणाच्या शेतावर जायचं नाही. मी येणार. आणि गाडीत बसणार नाही, आत येणार. मलाही दाखवायचं काय ते."

"बरं," मोरेश्वर म्हणाला.

तिनं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण जागची हलली नाही. त्यानं वळून पाहिलं. स्टिअरिंगवरचे तिचे हात आत्ता कुठे थरथरायला लागले होते. हात लांब करून त्यानं किल्ली उलटी फिरवली, आणि दोघं तशीच बसून राहिली. शेजारून ट्रक जात होते, आणि दर ट्रकसरशी गाडी जराशी हलत होती.