गच्चीवरची मोटरहोम

"अहो, पाय आत घ्या, पलंग संपला!" मी ओरडले. ह्यांनी गच्चीवर खडूनं आखलेली ती गाडी होती. सात मीटर लांब, सव्वादोन रुंद. आत पलंग, ओटा, संडास, सगळंच. लेकीनं न्यूझीलंडमध्ये पंधरा दिवसांसाठी अशी खरी मोटरहोम ठरवली होती, आणि चालवणार हेच. "एवढ्याशा जागेत तुमचं जमेल ना?" असं तिनं विचारल्यापासून आमची रोज तालीम चालू होती. अजून अकरा दिवस! मला तर आनंदानं जेवण जात नव्हतं.

ओट्याच्या चौकटीत स्टोव्ह मावला, पोहे झाले. मग हे पुढच्या खुर्चीत बसले, हातात परात धरून. एसटीत तेहतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. परात हातात येताच पाठ ताठ झाली. मी शेजारच्या खुर्चीत बसले. ह्यांच्या बसमधून मी माहेरी कितीदा गेले, पण नेहमी मागं, बायकांच्या सीटवर.

"तिकडे मेंढ्या आडव्या आल्या तर?" मी विचारलं.

ह्यांनी समोरच बघत एक बोट वर केलं. मला कळलं. बसमध्ये ह्यांच्या डोक्यावर पाटी असायची, 'चालकाशी बोलू नये.' घाटातले ते तीन तास मी ह्यांची नुसती मान बघत काढायची. मीही समोर बघू लागले.

ह्यांनी गाडी थांबवली, म्हणजे परात खाली ठेवली. उठून खडू घेतला आणि समोरच्या कठड्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'चालकाशी बोलत राहावे.'

"चला," परात उचलत हे म्हणाले, "मेंढ्यांचं काय म्हणत होतीस?"